मामाच्या गावच्या दोन शाळा

आठवीत सोनलचे कमीत कमी चाळीस दिवस शाळेविना गेले. डिंभ्याहून घोडेगावच्या शाळेला जायची एसटी आली तर आली, नाहीतर पोरी फाट्यावर ताटकळून घरी परत. शेवटी धरणात मासे धरणारा तिचा बाप सावळेराम म्हणाला, "नववीला हिला पुण्यात मामाकडं ठेवू."

मामा बाळासाहेब तिथं कंपनीत कामाला. त्याच्या खोलीपासून चालत जाण्यासारख्या दोन सरकारी हायस्कुलं होती. मार्चमध्ये लंकाबाई लेकीला घेऊन भावाकडं गेली.

"त्यात बघायचं काय, आक्का? मोठीत नाव घालू," बाळासाहेब म्हणाला.

"बघून तर येऊ."

मोठी शाळा तीन मजली, देखणी. फलकावर दहावीचा निकाल, अठ्ठ्याण्णव टक्के. बाळासाहेबानं तो दोनदा मोठ्यानं वाचला. लंकाबाई नळापाशी उभ्या असलेल्या मुलींकडं गेली.

"पोरींनो, वर्गात नाय कळालं तर परत इचारता का?"

मुली एकमेकींकडं बघून हसल्या. "नाही हो काकू, ते आम्ही क्लासला विचारतो."

दुसरी शाळा वस्तीच्या टोकाला, वर पत्रा. निकाल ब्याऐंशी. बाळासाहेब दारातच थांबला. आत नूतन मॅडम नववीला विज्ञान शिकवत होत्या. टेबलावर पाण्याची बादली होती. पाहुण्या मायलेकींना त्यांनी आत बोलावलं.

"कुठून आलीस गं?"

"डिंभ्यावरनं. धरणापाशी."

"मग तू सांग, मासा पाण्यात तरंगतो कसा?"

सोनल आधी घुटमळली. मग म्हणाली, "त्याच्या पोटात फुगा असतो. बाबा मासा कापत्यात, तवा मी बघितलाय. लई पातळ असतो."

'कापत्यात'वर मागच्या बाकावरचा एक मुलगा फिसकन हसला.

"तू पाहिलायस तो फुगा?" मॅडमनी त्याला विचारलं. "नाही ना? मग तिला विचार."

मुलगा उभा राहिला. "केवढा असतो?"

सोनलनं बोट पुढं करून दाखवलं. सगळा वर्ग वाकून बघायला लागला. तेवढ्यात लंकाबाईनं पहिल्या बाकावरच्या मुलीला आपला तोच प्रश्न हळूच विचारला.

"मॅडमच विचारतात, कुणाला नाही कळलं," ती म्हणाली. "दोनदा, तीनदा सांगतात."

बाहेर आल्यावर बाळासाहेब चिडला. "आक्का, सोळा टक्क्यांचा फरक हाय!"

"चौथीत मला भागाकार कळाला नव्हता," लंकाबाई म्हणाली. "इचारायची छाती झाली न्हाई. मंग मागंच पडत गेले. शाळा मला आवडत न्हाई म्हनून सुटली, असं तुमी समदे समजता."

बाळासाहेबानं वळून त्या पत्र्याच्या शाळेकडं बघितलं. बहिणीनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"सोनल, तू सांग बाय," लंकाबाई म्हणाली.

"हीच."

जूनमध्ये सोनल त्या शाळेत जाऊ लागली. पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी सात पडले, तेव्हा फोनवर आईपाशी रडली. मॅडम शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवून घेऊ लागल्या. मामाही कंपनीतून आला की तिची वही उघडून बसे, त्याला निम्मं कळत नसे तरी. दिवाळीआधी तेरा पडले.

दिवाळीत डिंभ्यात शेजारची सारजाबाई आपल्या लेकीसाठी विचारायला आली. "लंके, कंची शाळा चांगली गं? तू बघून आलीस म्हनं."

"माझ्या सोनलसाठी बघितली मी. तुजी पोर निराळी," लंकाबाई म्हणाली. "तिला घेऊन जाऊ आपन. तिथं काय इचारायचं, ते तीच ठरवंल. मी येते संगं."