बाबांचं ‘आलोच’

आमच्या बाबांनी आयुष्यात एकही गोल केला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांचा विषय निघाला की लोक असे काही हळवे होतात की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने गोलमागून गोल ठोकले असतील. बाबा बचावात खेळायचे. हॉकीत समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की आपल्या गोलमधून एकाने सुसाट धावत सुटायचं असतं, जो चेंडू मारणार त्याच्या थेट समोर. चेंडू स्टिकला अडला तर ठीक, नाहीतर गुडघ्याला, नडगीला, बरगडीला, जिथे लागेल तिथे. या कामासाठी संघात कुणी हात वर करत नाही. बाबा देशाकडून खेळले ती सगळी वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्या डाव्या नडगीवर एक खड्डा आहे. लहानपणी माझा अंगठा त्यात बरोबर मावायचा.

गोल करणाऱ्यांचे फोटो भिंतींवर लागले. बाबा मात्र लोकांच्या घरातले झाले, आणि तेही एका सवयीपायी. कुणी सही मागायला आलं की बाबा आधी विचारायचे, “घरी कोण कोण आहे?” समोरचा गडबडायचा. मग सांगायला लागायचा, आई आहे, तिचे गुडघे दुखतात, भाऊ आहे, तो काही कामधंदा करत नाही. बाबा सगळं ऐकून घ्यायचे, त्याचा हात हातात धरून. मग सही करायचे आणि म्हणायचे, “आईंना माझा नमस्कार सांगा.” पुढे कधी तोच माणूस बाजारात भेटला तर, “आईंचे गुडघे काय म्हणतात?” झालं, तो माणूस कायमचा बाबांचा. यात नाटक नव्हतं. नाटक असतं तर मी केव्हाच पकडलं असतं, मला त्यांच्यातली खोट काढायची फार हौस होती.

कारण हे सगळं चाललेलं असताना मी स्कूटरपाशी ताटकळत उभी असायचे. मैदानाच्या फाटकात बाबांना कुणीतरी गाठायचंच. मी ओरडायचे, “बाबा, चला ना!” ते मागे न बघता हात वर करायचे आणि म्हणायचे, “आलोच!” बाबांचं ‘आलोच’ म्हणजे माझी वेणी सुटून, परत घालून, परत सुटायची. मी पाय आपटायचे, नाक फुगवायचे. त्यावरूनच त्यांनी माझं नाव मिरची ठेवलं. “काय गं मिरचे, झोंबलं का?” असं म्हणत ते किक मारायचे, आणि मी रुसून त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचे. त्या काळात पोरं स्कूटरवर कशीही बसत.

आई गेली तेव्हाही बाबा खालीच होते. दवाखान्याच्या पोर्चमध्ये, तिथल्या वॉचमनचे हात हातात घेऊन. मी वरच्या खिडकीतून हाक मारली. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “आलोच.” ते आले तेव्हा नर्स आईच्या अंगावरची चादर सारखी करत होती.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. जेवलात का, गोळी घेतली का, दार लावून घ्या. एका घरात दोन माणसं अशी वर्षानुवर्षं राहू शकतात, यावर माझा विश्वास बसला नसता. मनात भांडण तयार होतं, अगदी शब्दन्‌शब्द. आज बोलू, उद्या बोलू, म्हणता म्हणता मी तोंड उघडायच्या आत बाबा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग घराची गल्ली, मग आई गेल्याचं. शेवटी मी. मला ते ‘बाई’ म्हणतात आणि माझ्याशी फार अदबीने वागतात, जीव नकोसा होतो.

मला काय हवं होतं ते सांगते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून ‘मिरचे’ म्हणायला हवं होतं. एकदाच. मग मी कडाकडा भांडले असते आणि मग कदाचित त्यांच्या गळ्यात पडून रडलेही असते.

मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. दिवसभर लोकांना विचारते, ही ओळ दिसते का, आता स्पष्ट दिसतं की मघाशी दिसत होतं? घरी येऊन तेच. बाबा, ही कोण? नीट बघा. या फोटोत तुमच्या मांडीवर कोण बसलंय? मी कोण, सांगा बरं? बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मग फोटो उलटा करून ठेवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं विचारू नका. डॉक्टरांचं काय जातं सांगायला?

त्या रविवारी सकाळी मी त्यांची दाढी करत होते. ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “बाई, तुम्ही इतकं करता. तुम्हाला पगार कोण देतं?” माझं डोकंच फिरलं. वस्तरा खाली ठेवला, भिंतीवरचा आईचा फोटो काढून आणला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. “ही कोण? आणि मी कोण? सांगा!” ते घाबरले. गालाला साबण तसाच आणि डोळ्यांतून पाणी. “चुकलं असेल माझं काही,” ते म्हणाले, “सांभाळून घ्या.”

मी त्यांचा गाल पुसला, त्यांच्या पायांत बूट घातले आणि त्यांना मैदानावर घेऊन गेले. दुसरं काही सुचलंच नाही.

रविवारी बाबांच्या जुन्या हॉकी क्लबचा सामना संपला की बाबा कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतात आणि त्यांच्यापुढे रांग लागते. रिक्षावाले, नर्सबाई, शाळेतले मास्तर, एक टक्कलवाला इलेक्ट्रिशियन, बसचा कंडक्टर. दर आठवड्याला बहुतेक तीच माणसं. पण ती काय करतात माहीत आहे? पहिल्यांदा भेटल्यासारखी भेटतात. “नमस्कार साहेब, मी इलेक्ट्रिशियन. तुमचा खेळ बघितलाय मी.” बाबा खुलतात. “अरे वा! घरी कोण कोण आहे?” आणि तो गेल्या रविवारी सांगितलेलं सगळं परत सांगतो, तितक्याच हौसेने. बायको, दोन मुली, धाकटीच्या दातांच्या तारा. बाबा मान डोलवतात. “तिला सांगा, तारा निघाल्या की छान दिसशील.” दर रविवारी.

या इलेक्ट्रिशियनला मी एकदा विचारलंही होतं, “तुम्हाला वाईट नाही वाटत? ते तुम्हाला ओळखत नाहीत.”

“ओळखतात की नाही ते बघायला थोडेच येतो आम्ही, ताई?” तो म्हणाला होता. “इतकी वर्षं त्यांनी आमची चौकशी केली. आता आम्ही फक्त समोर जाऊन बसतो.”

तेव्हा मला राग आला होता. फुकटची माया दाखवायला काय लागतं, रात्री उठून चादर बदलायला या म्हणावं. पण त्या सकाळी मी पिशवी घेऊन बाजूला उभी होते आणि बाबांकडे बघत होते. तासाभरापूर्वी माझ्यापुढे रडणारा माणूस इथे ऐटीत बसला होता. कुणी आग्रह केला म्हणून लाजत लाजत पँट वर करून नडगीवरचा खड्डा दाखवत होता. माझ्यासमोर ते असे हसून किती दिवस झाले होते, मला आठवेना. मला त्या माणसांचा हेवा वाटला. मी जाऊन रांगेत उभी राहिले.

माझ्या पुढे एक म्हातारा होता. त्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मीही ओळखलं त्याला. दवाखान्यातला वॉचमन. या रांगेत तो आजवर कधी दिसला नव्हता.

“ताई,” तो खाली बघत म्हणाला, “त्या दिवशी माझा मुलगा गेला होता. त्याच दवाखान्यात, सकाळी. मी ड्युटी सोडली नव्हती, जाणार कुठे? साहेबांनी विचारलं, घरी कोण कोण आहे. मला सांगताच येईना. ते दोनदा वर जायला निघाले. मीच हात सोडला नाही.”

त्याच्यावर रागावून मी इतकी वर्षं काढली होती आणि तो समोर उभा राहून नाक पुसत होता. मी त्याला पुढे सरका म्हटलं. तो बाबांसमोर बसला, आपण कोण ते सांगितलं, घरी बायको आहे म्हणाला. बाबांनी बायकोला नमस्कार सांगितला.

मग माझी पाळी आली.

“या, बसा,” बाबा म्हणाले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. घरी मी हात धरला की ते अदबीने सोडवून घ्यायचे. “घरी कोण कोण आहे?”

“वडील आहेत.”

“बरे आहेत ना?”

“विसरतात. मला ओळखत नाहीत.”

बाबा अंगठ्याने माझ्या हाताची पाठ चोळत राहिले. “घाबरत असतील हो ते,” म्हणाले. “त्यांच्यावर रागावू नका.”

“रागावते मी. फार रागीट आहे.”

“असू द्या. माझी मुलगीही तशीच आहे.” ते एकदम हसले. “इतकी तिखट, इतकी तिखट! मिरचीच म्हणतो मी तिला.”

शब्द आला. माझा हात हातात धरून, माझ्या डोळ्यांत बघून ते तो म्हणाले, आणि कुणा परक्या बाईला आपल्या मुलीची गंमत सांगावी तसं म्हणाले. मला वाटलं होतं तो शब्द ऐकला की सगळं ठीक होईल. छातीत काहीतरी तुटलं, एवढंच झालं.

“तुम्ही आता निघालात ना?” बाबा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले. “माझं एक काम कराल? तिकडे फाटकापाशी स्कूटर आहे. माझी मुलगी तिथेच उभी असेल, कधीची. मला हाका मारते. लोकांना वाटतं मला ऐकू येत नाही. येतात ऐकू, सगळ्या येतात. पण समोरचा माणूस बोलत असतो, त्याला मध्येच सोडवत नाही मला. तिला सांगाल का, बाबा आलेच म्हणून?”

मी उठले. फाटकापर्यंत चालत गेले. स्कूटर विकून जमाना झाला, तिथे कुणाची तरी सायकल होती. मी सायकलशेजारी उभी राहिले आणि वळून बघितलं. लहानपणी दिसायचं तेच दिसलं. बाबा कुणाकडे तरी वाकलेले, कुणाचा तरी हात हातात. “बाबा, चला ना,” मी म्हटलं. इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

मग डोळे पुसले आणि परत आले. बाबा मान उंचावून वाटच बघत होते.

“भेटली?”

“भेटली.”

“चिडली असेल.”

“नाही,” मी म्हटलं. “म्हणाली, बाबांना म्हणावं सावकाश या.”

“असं म्हणाली?” बाबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्यांचे खांदे सैल झाले. “मिरची असं म्हणाली? मग बसतो थोडा.” आणि ते कंडक्टरकडे वळले.

मी पिशवी उचलली आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिले.