असती तर दिसली असती

"दीर्घिका सापडली नाही, तर 'सापडली नाही' असं लिही. 'नाहीच' असं लिहू नकोस," निवृत्त होताना खुर्ची तिच्या हवाली करत ठिपकेकाकांनी बजावलं होतं. आयुष्यभर आकाशातले अंधूक ठिपके धुंडाळून काकांना हे नाव पडलं होतं. तिने मान डोलावली आणि या कानाने ऐकलेलं त्या कानाने सोडून दिलं. घरी तिची लेक चिमणी तापाने फणफणली होती. ठिपक्यांचं कौतुक कुणाला?

वेधशाळेत काम होतं जुनी सूची निस्तरण्याचं. फार पूर्वी एका निरीक्षकाने दुर्बिणीला डोळा लावून दीर्घिका, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगा, टिपल्या होत्या. पद्धत साधी. ओळखीचा एक ठळक तारा धरायचा आणि दीर्घिका तिथून किती वर, किती बाजूला, ते लिहायचं. आता नव्या छायाचित्रांत त्या जागी पाहिलं, की कधी दीर्घिका दिसे, कधी नुसता काळोख. काळोखवालीपुढे प्रश्नचिन्ह.

साहेबांना प्रश्नचिन्हांचं वावडं. नव्या आवृत्तीचं प्रकाशन ठरलं होतं, पाहुणे ठरले होते, हारतुरे ठरले होते. फक्त आकाश तयार नव्हतं.

"छापील पानावर प्रश्नचिन्ह म्हणजे संस्थेच्या अब्रूला डाग," साहेब म्हणाले. "शेजारी दुसरी एखादी असेल, तर तिलाच हे नाव देऊन टाका."

"आणि शेजारी कुणीच नसेल तर?"

"तर अस्तित्वात नाही. असती तर दिसली असती, बाई."

साहेब दुर्बिणीजवळ जात, ते फोटो काढायला माणूस आला तरच.

ती कामाला लागली. जुन्या निरीक्षकाच्या एका रात्रीच्या तर झाडून सगळ्या दीर्घिका बेपत्ता निघाल्या. म्हातारा पेंगत असणार, असं ठरवून तिने एकेकीपुढे 'अस्तित्वात नाही' लिहून टाकलं आणि चिमणीला आणायला पाळणाघराकडे धावली.

पुढच्या दाराला ओला रंग होता, म्हणून ती मागच्या दाराने शिरली. नेहमीसारखी डाव्या हाताची दुसरी खोली गाठली. आत भलतीच मुलं, आणि कामावर नवीन आलेली बाई.

"पिवळा फ्रॉक, समोरचे दोनच दात," तिने सांगितलं.

"अशी मुलगी इथे नाही."

"अहो, सकाळी मीच सोडलीय."

"असती तर दिसली असती ना, ताई. नेली असेल कुणीतरी."

तिने खोली पालथी घातली. पलंगाखाली बघ, पडद्यामागे बघ, असं चाललेलं असताना बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून ओळखीचं भोकाड ऐकू आलं. चिमणी आपल्या खोलीत, आपल्या जागी, आई हरवली म्हणून रडत होती. खोल्या मोजायला आईनेच भलत्या दारापासून सुरुवात केली होती.

लेकीला कडेवर घेऊन ती पायरीवरच थबकली. म्हातारा पेंगत नव्हता तर.

सकाळी तिने त्या रात्रीची मापं आजूबाजूच्या एकेका ताऱ्यापासून मोजून पाहिली. एका ताऱ्यापाशी गणित जुळलं. म्हाताऱ्याने त्या रात्री हा तारा धरला होता आणि नाव लिहिलं होतं शेजारच्या ताऱ्याचं. मग काय, बेपत्ता दीर्घिका एकेक करून हजर झाल्या. राहिली फक्त शेवटची, सगळ्यांत अंधूक. तिच्या जागेवर छायाचित्रात एका झगझगीत ताऱ्याचा उजेड सांडला होता.

"वा, भाषणात घेतो," साहेब खूश झाले. "आणि ही एक? अस्तित्वात नाही ना?"

"उजेडात दडली असेल, साहेब. बाकीच्या सगळ्या जागेवर निघाल्या, मग म्हातारा हिच्याबद्दलच कशाला खोटं लिहील?"

"अख्ख्या पुस्तकात एकच प्रश्नचिन्ह? लोकांची नजर नेमकी तिथेच जाईल."

"जाऊ दे की. एकदा खोडली, तर परत कुणी बघायलाही जाणार नाही."

"तुम्ही तर पोटची पोर असल्यासारखं भांडताय."

ती दारातून हलली नाही. प्रकाशनाला उशीर होत होता. शेवटी साहेबांनी पानाच्या तळाशी जागा दिली, तीही बारीक अक्षरात. तिने लिहिलं:

'ही दीर्घिका आम्हाला सापडलेली नाही, एवढंच. वाचणाऱ्याकडे मोठी दुर्बीण असेल, तर या झगझगीत ताऱ्याला जरा आडोसा करून त्याच्या डाव्या अंगाला पाहावं. ती फार अंधूक आहे, लगेच ओ देणार नाही. तरी कृपा करून एकदा बघून या.'