साडूचा वकील

माझ्या दोन बहिणींचे नवरे एकाच खटल्यात आरोपी होते. दोघांचं भागीदारीतलं फर्निचरचं दुकान जळालं, आणि विम्यासाठी ते त्यांनीच पेटवलं असं सरकारी पक्षाचं म्हणणं. सिद्ध झालं तर तुरुंग. एवढी तलवार डोक्यावर असताना थोरल्या दाजींची झोप उडाली ती निराळ्याच कारणानं. धाकट्याचा वकील आपल्या वकिलापेक्षा भारी निघाला होता.

या साडूंचा आपापसातला खटला तर लग्नापासून चालू होता. धाकट्यानं गॅलरीला काचा बसवल्या की थोरल्यांच्या गॅलरीलाही काचा. धाकट्याला चष्मा लागला तेव्हा यांनीही डोळे तपासून घेतले. नंबर निघाला नाही, तर डॉक्टरवरच नाराज.

धाकट्याची वकीलबाई उभी राहिली की मागच्या बाकांवर पेंगणारेही सावरून बसत. समोरच्या इमारतीच्या वॉचमननं साक्ष दिली होती की त्या संध्याकाळी धाकटे मालक शटर ओढताना दिसले, सोबत आणखी एकजण होता. बाईंनी त्याला उलटसुलट विचारून असं घुसळलं की तो बिचारा घाम पुसायला रुमाल शोधू लागला. थोरल्या दाजींनी मात्र पहिल्यापासून सांगितलं होतं की आपण त्या दिवशी दुकानाकडे फिरकलोच नाही. त्यांचे म्हातारे वकील उठले, "काही विचारायचं नाही" म्हणाले आणि बसले.

"बसले!" बाहेर आल्यावर दाजी कडाडले. "खुर्ची ऊबदार करायला नेमलंय का यांना?"

ताई म्हणाली, "अहो, त्या वॉचमननं तुमचं नावच घेतलं नाही. मग विचारणार काय?"

"तेच म्हणतोय मी! धाकट्याचं नाव जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं होतं. मी काय मेलोय?"

आधी ते थेट वकीलबाईंकडेच गेले. बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुमची आणि तुमच्या साडूंची बाजू शेवटपर्यंत एकच राहील याची खात्री नाही. मला दोघांचं वकीलपत्र घेता येणार नाही." दाजींनी त्याचा अर्थ लावला तो एवढाच, की धाकट्यानं तिचे कान भरले. मग त्यांनी बाईंपेक्षाही मोठ्या आवाजाचा एक वकील हुडकून काढला.

चालू खटल्यात वकील बदलायचा, तर नव्या वकीलपत्रावर जुन्याची 'हरकत नाही' अशी सही लागते. ती घ्यायला दाजींनी मला सोबत नेलं. म्हाताऱ्यांनी कुरकुर न करता सही केली आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "फक्त त्या वॉचमनला परत बोलावू नका."

"का?"

"तो तुमच्याविरुद्ध काही बोललेला नाही. बोलायची संधी देऊ नका."

जिन्यात दाजींनी मला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? जळतोय म्हातारा. मी हातचा गेलो ना!" माणसाला याखेरीज दुसरं काही दुखणं असू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नव्या वकिलांचा पहिलाच अर्ज वॉचमनला परत बोलावण्याचा. न्यायाधीशांनी नाखुशीनं तो मंजूर केला.

त्या दिवशी दाजी नवा शर्ट घालून आले होते. आरोपींच्या बाकामागेच ताई आणि मी बसलो होतो.

"दुसऱ्या माणसाचा चेहरा पाहिलात तुम्ही?" वकील गरजले.

"नाही साहेब. अंधार होता."

झालं होतं काम. वकिलांनी बसायला हरकत नव्हती, ते वळलेही. पण दाजींनी बाकावरून हातानं खूण केली, चालू द्या, चालू द्या. धाकट्याला लागला होता तेवढा वेळ तरी लागायलाच हवा होता.

"मग दुसरा कोणी होता, हे तरी कशावरून सांगता?"

"धाकट्या मालकांनी कुलूप लावलं," वॉचमन म्हणाला, "ते त्यानं उघडून स्वतः पुन्हा लावलं. रोजचंच आहे ते, साहेब. थोरल्या मालकांना धाकट्यांनी लावलेलं कुलूप चालत नाही."

कोर्टात हशा पिकला. टाइप करणाऱ्या बाईसुद्धा हसल्या. ताई हसली नाही. नव्या वकिलांचा आवाज कुठल्या कुठे गेला, ते कागद चाळायला लागले.

तोवर वकीलबाई उभ्या राहिल्या होत्या. "या उत्तरावर आम्हाला थोडं विचारायचं आहे." परवानगी मिळाली. "कुलूप पुन्हा लावल्यावर किल्ली कोणाच्या खिशात गेली?"

"थोरल्या मालकांच्या."

"आणि धाकटे मालक?"

"ते आधीच गेले होते बाई. चिडून."

धाकटे दाजी मान खाली घालून बसले होते, पण त्यांचे खांदे सैल पडल्याचं मला मागून दिसलं. ताईनं माझं मनगट आवळलं. थोरले दाजी हळूच मागे वळले. चेहरा लालभडक झाला होता. पाणी मागतील म्हणून मी बाटली पुढे केली.

"बघ," ते दात आवळून पुटपुटले, "साक्षीदार मी बोलावला, आणि चमकतेय ती!"