पिल्लांना भरवणाऱ्या पेलिकनचा बाक

“ती उर्वी वाळत चालली आहे. जरा लक्ष ठेव तिच्याकडे,” चर्चची देखभाल करणाऱ्या मार्गारेटबाई म्हणाल्या. नुपूर आपल्या लेकाला, रुद्रला, केळं भरवत होती. ती हसली. “नो वरीज. युनिव्हर्सिटीतली मुलं अशीच दिसतात.”

मित्रांनो, हे बोलणं झालं ते माझ्यावर बसून. मी ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका चर्चमधला जुना बाक आहे. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या ओकचं माझं लाकूड. तिथल्या दगडी चर्चसाठी, सहाशे वर्षांपूर्वी, एका सुताराने माझ्या कडेच्या फळीवर पेलिकन पक्षीण कोरली. जुन्या ख्रिस्ती समजुतीतली, स्वतःची छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त भरवणारी आई. बिचाऱ्याने पेलिकन कधी पाहिलाच नव्हता, म्हणून तिला चोच दिली गरुडाची. पुढे ते चर्च मोडकळीला आलं आणि मी जहाजातून इथे आलो. इथे तळ्यावर खरे पेलिकन हवे तेवढे. छोटा रुद्र कोरीवकामावर बोट ठेवून म्हणतो, “दॅट्स नॉट अ पेलिकन, मम्मी.”

२००८ साल होतं. भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांची रीघ लागली होती. त्यांतलीच उर्वी, साताऱ्याची. पहिल्यांदा चर्चमध्ये आली ती सवयीने बूट दाराबाहेर काढून. मार्गारेटबाईंना वाटलं, कुणीतरी दान ठेवलंय. त्यांनी ते उचलून जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकले. उर्वी नुसत्या मोज्यांवर उभी, आणि कामाच्या शिफ्टला जायचं. शेवटी हॉलमध्ये लेकराला खेळायला घेऊन आलेल्या नुपूरला बाईंनी बोलावलं. दोघी मराठी निघाल्या. उर्वी आधी रडली, मग पेटीत हात घालून बूट शोधताना खूप हसली.

त्यानंतर ती रोज युनिव्हर्सिटीतून शिफ्टला जाताना यायची. पिल्लांच्या गुळगुळीत डोक्यांवरून हात फिरवत आईला फोन करायची. “हो गं आई, जेवले.” तिच्या पोटातलं गुरगुरणं मात्र माझ्या फळीला कळायचं. नुपूर जाता-येता विचारायची, “जेवलीस का गं?” “हो ताई.” तोवर रुद्र कुठेतरी चढलेला असायचा, नुपूर त्याच्यामागे धावायची.

थंडीत उर्वी खोकू लागली. मग येईनाशी झाली. भाड्याच्या घरात सात जण, पण शिफ्टा वेगवेगळ्या. ती ताप अंगावर काढत पडून होती. दार लोटलेलं पाहून प्रत्येकाला वाटलं, रात्रपाळी करून झोपली असेल. दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

उर्वीच्या फोनमधला नंबर घरातल्या मुलांकडून मिळवून तिच्या आईने नुपूरला फोन केला. नुपूर माझ्यावरच बसली होती. पलीकडची बाई रडत नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं. “शेवटचं काय जेवली होती गं ती?”

नुपूरने ते कधी विचारलंच नव्हतं. पिल्लांच्या उघड्या चोचींवर तिचा हात तसाच राहिला.

मित्रांनो, मला लाकूडकिडा लागला की खाली भुसा पडतो, आणि मार्गारेटबाई धावत औषध आणतात. माणसाचा भुसा पडत नाही. तुमच्याही शेजारी कुणी घर सोडून एकटं शिकायला आलेलं असेल. आजच जा, दार वाजवा. ‘जेवलीस का’ विचारू नका, त्याला ‘हो’च उत्तर मिळतं. ‘काय जेवलीस’ असं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत दारातून हलू नका.