सर्जेरावांच्या नावाच्या भाकरी

साखर कारखान्याच्या सभासदांची सभा संपली. माणसं उठली, पिंपळीचे सर्जेरावही उठले; पण त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. तिच्या दोन हातांमध्ये ते असे रुतले होते की दोघांनी खुर्ची धरली, तिघांनी सर्जेरावांना ओढलं, तेव्हा कुठं त्यांची फारकत झाली. सभा पोट धरून हसली. सर्जेरावही हसले, पण घरी पोचेपर्यंत त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. ही एकोणीसशे सत्तावन्न सालची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी ते बारामतीला डॉक्टर आगाशांकडे गेले. काट्यावर उभं केलं तर दोनशे बेचाळीस पौंड भरले. लघवीत साखर निघाली. डॉक्टर माणूस तिखट, पण हुशार. त्यांनी कागद पुढं ओढला आणि तक्ताच लिहायला घेतला.

"भात बंद. गूळ, साखर, बटाटा, उसाचा रस बंद. भाकरी एका जेवणाला चतकोर."

"चतकोर?" सर्जेरावांना वाटलं डॉक्टर थट्टा करताहेत. "साहेब, मी चार खातो. मग पोट भरायचं कशानं?"

"पालेभाजीनं, उसळीनं, घट्ट आमटीनं. अंडी खा, ताक प्या, मटण चालेल. हे पाळलं नाहीत तर दोन वर्षांत पायाची बोटं काळी पडतील. मग तक्ता लिहायला माझ्याकडे येऊ नका."

सर्जेरावांनी तक्ता खळीनं भिंतीला चिकटवला आणि दुसऱ्या दिवसापासून तो पाळायला लागले. त्यांचं कौतुक करायलाच हवं. आपल्या भागात भाकरी सोडणं म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या माणसाला कळायचं नाही. लग्नाच्या पंगतीत लोकांनी हाताला धरून आग्रह केला, गुऱ्हाळावर काकवीची वाटी तोंडाशी आणली. शेजारचे कुंडलिक तर म्हणायचे, "कारखान्याला ऊस घालायचा आन् च्या बिनसाखरेचा प्यायचा, असला सभासद मी न्हाय बघितला." पण गडी हलला नाही. आठ महिन्यांत छप्पन्न पौंड उतरले. लग्नातला कोट पेटीतून निघाला आणि अंगात गेला. चावडीवर बसून सर्जेराव चार माणसांना भाकरीचे तोटे समजावून सांगू लागले.

इथवर गोष्ट सरळ आहे. आता त्या घराच्या स्वयंपाकघरात जाऊ, जिथं हे आठ महिने सर्जेरावांनी एकदाही डोकावलं नव्हतं.

घरात माणसं चार. सर्जेराव, त्यांची आई कुशाबाई, बायको शकुबाई आणि जेवणखाण घरीच असलेला गडी बिरू. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला शिकायला. डाळीचं माप कुशाबाईंच्या हातात. रोज सकाळी त्या कोठीतून एक पितळी वाटी भरून डाळ काढायच्या, ती शिजायची. ती वाटी त्यांना त्यांच्या सासूनं दिलेली. आधी सर्जेराव जेवायचे, मग बिरू, मग कुशाबाई, आणि शेवटी भांडी घासायच्या आधी शकुबाई.

पूर्वी सर्जेराव चार भाकरी खायचे आणि वाटीभर कालवण घ्यायचे. आता चतकोर भाकरी आणि तीन वाट्या आमटी, तीही तळातली घट्ट, कारण तक्त्यात तसं लिहिलं होतं. भाजी त्यांची, दही-ताक त्यांचं, कोंबड्यांची अंडी त्यांची. भांडं शकुबाईंपुढं यायचं तेव्हा त्यात तवंगाचं पाणी उरलेलं असायचं.

पण भाकरी मात्र थापल्या जायच्या तेवढ्याच. शकुबाईंनी पहिल्याच आठवड्यात सासूला विचारलं होतं, "मामी, ह्यांच्या भाकरी कमी करू का?" तेव्हा कुशाबाई कडाडल्या होत्या. "कर्त्या मानसाच्या नावाच्या भाकरी कमी करत्यात व्हय गं? घराला बरं न्हाय ते. चार म्हंजी चार." मग सर्जेरावांच्या नावाच्या भाकरी टोपल्यात पडून राहायच्या. अन्न टाकायचं कसं? त्या शकुबाई खायच्या, मीठमिरचीबरोबर.

म्हणजे बघा, नवऱ्याची भाकरी बायकोकडं आली आणि बायकोचं कालवण नवऱ्याकडं गेलं. कुणी हे ठरवून केलं नव्हतं. म्हणूनच कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सहाव्या महिन्यापासून शकुबाईंचं अंग भरल्यासारखं दिसू लागलं. चेहरा गोल झाला. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, जोडव्यांनी बोटं आवळली. चावडीवरून चार माणसं चहाला आली होती तेव्हा सर्जेराव सगळ्यांदेखत म्हणाले, "मी उतरलो तसतशी ही चढत चाललीया. माझं मांस बाजूलाच गेलं म्हनायचं." माणसं हसली. शकुबाई कपबशा उचलून आत गेल्या.

त्या रात्री जेवण झाल्यावर सर्जेरावांनी फर्मान काढलं. "उद्यापासनं तुला बी माझाच तक्ता. भाकरीचा तुकडा तोंडात घालायचा न्हाय. गुळाचा च्या बी न्हाय."

शकुबाई हळूच म्हणाल्या, "अवं, भाकरी बंद केली तर मी खाऊ काय?"

"मी काय खातो? मी मेलो का?" असं म्हणून सर्जेराव आपल्या अंथरुणाकडं गेले. बायकोला जिभेवर ताबा नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

नवऱ्याचा शब्द मोडायची शकुबाईंना सवय नव्हती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या उसात खुरपायला गेल्या आणि पाटाच्या कडेला कोसळल्या. बिरूनं त्यांना उचललं तेव्हा त्यांची दातखीळ बसली होती. छकडा जुंपला, कुशाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि सर्जेरावांनी बैल पळवत बारामती गाठली.

दवाखान्यात शकुबाईंना शुद्ध आली होती. सर्जेराव डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, हिला बी आपलाच तक्ता लावलाय. तीन दिवस झालं. अंग लई सुटलंय न्हवं, म्हनून जरा घेरी आली असंल."

डॉक्टर खाटेजवळ गेले. त्यांनी शकुबाईंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून ती पांढरीफटक होती. मग लुगड्याचा काठ जरा वर सरकवून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, दहापर्यंत आकडे मोजले आणि उचलला. अंगठा गेला, पण त्याचा खळगा तिथंच राहिला.

"सर्जेराव, इकडं या. तुमचा अंगठा ठेवा."

सर्जेरावांनी बिचकत अंगठा ठेवला, दाबला, काढला. पहिल्या खळग्याशेजारी दुसरा खळगा पडला. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याएवढा. तो भरून येईना. सर्जेरावांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला.

"चरबी अशी दबून राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "हे पाणी आहे. अंगात रक्त नाही, सकस अन्न नाही, म्हणून पाणी साठलंय. तुमची बायको लठ्ठ झालेली नाही. ती उपाशी आहे."

"उपाशी?" सर्जेरावांनी डॉक्टरांकडं पाहिलं. "माझ्या घरात?"

डॉक्टर शकुबाईंकडं वळले. "बाई, तीन दिवसांत काय खाल्लंत?"

शकुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, मग छताकडं. "भाकरी बंद केली व्हती ह्यांनी."

"ते कळलं. मग खाल्लंत काय?"

"पानी प्याले. काल ताकाचं भांडं विसळून प्याले."

"आणि त्याच्या आधी?"

"भाकरी. एक माझी आन् ह्यांच्या नावाच्या उरायच्या त्या. मिरचीसंगं."

डॉक्टरांना ते नावाच्या भाकरीचं काही उमगेना. कुशाबाईंनी समजावून सांगितलं, आणि आपण घराची रीत कशी राखली हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. डॉक्टर ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आजी, आमटी-भाजी कुणाला?"

"सर्जाला लागती की. तुमीच लिवलंय."

"डाळ किती शिजते?"

"वाटीभर."

"तक्ता लिहायच्या आधी किती शिजायची?"

"वाटीभरच."

"का? घरात डाळ नाही?"

कुशाबाईंना राग आला. "दोन पोती हाईत कोठीत. आमी काय भिकारी न्हाय."

दोन पोती डाळ घरात, आणि घरची लक्ष्मी ताकाचं भांडं विसळून पिते. अवर्षण नव्हतं, कालव्याला पाणी होतं, कोठी भरलेली होती. फक्त दुसरी वाटी भरायचं कुणाला सुचलं नव्हतं.

डॉक्टर स्टुलावर बसले. "दोष माझाही आहे," ते म्हणाले. "मी एका माणसाचं ताट बदललं आणि घरातलं भांडं केवढं आहे ते विचारलं नाही. सर्जेराव, तुम्ही पथ्य पाळलंत, वजन उतरवलंत, उत्तम केलंत. तुमचा जीव वाचला. पण ती डाळ, ते ताक, ती अंडी कुठून आली? भांडं तेवढंच ठेवून तुम्ही तिप्पट घेतलंत, तर ते कुणाच्या तरी वाट्याचंच असणार. जो शेवटी जेवतो त्याच्या वाट्याचं."

"पर हिनं सांगायचं न्हाय का मला?"

"तुम्ही विचारलं होतंत?"

शकुबाई खाटेवरूनच बोलल्या. आवाजात तक्रार नव्हती. "सांगितलं व्हतं की. भाकरी बंद केली तर मी खाऊ काय, म्हनले."

ते शब्द सर्जेरावांनी ऐकले होते, उत्तरही दिलं होतं. ते भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले.

एवढा वेळ कुशाबाई सुनेच्या पायाशी उभ्या होत्या. त्यांनी वाकून आपला सुरकुतलेला अंगठा त्या नडगीवर ठेवला, दाबला आणि खळग्याकडं बघत राहिल्या.

"डाक्टर, असं पाय सुजत्यात, त्वांड गोल दिसतं, पायात तोडं चढत न्हाईत... ते भुकंनं?"

"होय आजी. पुष्कळदा भुकेनंच."

"मग माजी बनी..."

बनाबाई म्हणजे सर्जेरावांची थोरली बहीण. इंदापूर तालुक्यात निरवांगीला दिलेली. तिला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

"दिवाळीला आली व्हती," कुशाबाई सांगू लागल्या. "अशीच गोल दिसत व्हती. तोडं चढंनात तिच्या पायात. मी आळीत समद्यांना बोलावून दावली. म्हनलं, बघा, सासर सुखाचं हाय, लेकीचं अंग भरलंय. सोनाराकडनं तोडं मोठं करून आनलं मी. आन् पौषात निरोप आला."

त्या रडल्या नाहीत. "तोडं मोठं करून आनलं मी," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. सर्जेराव उठले आणि त्यांनी आईला धरून बाकावर बसवलं. मग त्या म्हणाल्या, "तिच्या सासूला काय बोल लावू? मी बी हिच्यासाठी तीच वाटी भरत व्हते."

शकुबाई सहा दिवसांनी घरी आल्या. लोहाचं औषध मिळालं, सुया टोचल्या. पण खरं औषध घरातच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबाईंनी कोठीतून एक वाटी डाळ काढली, ती परातीत ओतली, आणि पुन्हा हात आत घातला. दुसरी वाटी काढली. मग थोडं थांबून तिसरी काढली.

संध्याकाळी त्यांनी चुलीपुढं चार ताटं एका ओळीत मांडली. घट्ट आमटीचा पहिला डाव शकुबाईंच्या ताटात पडला. शकुबाई उठून उभ्या राहिल्या. "मामी, ह्यांच्यासमोर मला घास जायचा न्हाय."

"तू बसल्याबिगर मी बी हात घालनार न्हाय," सर्जेराव म्हणाले.

शेवटी शकुबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या आणि पाठमोऱ्याच जेवल्या. पंधरा दिवस त्या अशाच जेवल्या. सोळाव्या दिवशी त्यांनी मीठ मागायला मान वळवली आणि मग तशाच बसल्या. नावाच्या भाकरी बंद झाल्या. भूक असेल तेवढ्या थापायच्या, असं कुशाबाईंनीच सांगितलं. सर्जेरावांनी आपलं पथ्य सोडलं नाही. सोडण्याचं कारणही नव्हतं. उसाच्या पाटाकडेला मात्र मेथी आणि चवळी लागली, घरादाराला पुरेल एवढी.

रोज सकाळी कुशाबाई सुनेच्या पायावर अंगठा दाबून बघायच्या. खळगा उथळ होत गेला. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्यांनी अंगठा उचलला आणि कातडी मागोमाग वर आली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग सुनेचा पाय दोन्ही हातांत धरून त्या, चौदा वर्षांत पहिल्यांदा, बनाबाईचं नाव घेऊन मोठ्यानं रडल्या.

त्यानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. काठी टेकत आळीतल्या घराघरांत शिरायच्या आणि म्हणायच्या, "सूनबाई, पाय पुढं कर." अकरा घरांत खळगा राहिला. त्या घरांवर पत्रे होते, दारात सायकली होत्या, आणि प्रत्येक घरातला पुरुष म्हणाला, "आमच्यात खायला काय कमी न्हाय."

बंधूंनो आणि भगिनींनो, सर्जेराव काही दुष्ट माणूस नव्हते. कुशाबाईही नव्हत्या. ते तुमच्या-माझ्यासारखेच होते, आणि माझी झोप उडाली ती याच कारणानं. पथ्य जरूर करावं, वजन जरूर उतरवावं. पण घरात एकाचं ताट बदललं की बाकीच्यांच्या ताटात काय पडलं ते बघणं हाही त्या पथ्याचाच भाग आहे. आणि जी रांधते तिनं सगळ्यांबरोबर जेवावं. आज घरी गेल्यावर आपल्यात शेवटी कोण जेवतं ते बघा. तिच्या नडगीवर आपला अंगठा ठेवा, दहापर्यंत आकडे मोजा आणि उचला. खळगा राहिला, तर तो आपणच पाडलेला आहे.