कोण म्हणे? कुणीच नाही

मी 'म्हणे' बोलतोय. आजवर मी दुसऱ्यांचंच सांगत आलो. आज स्वतःचं सांगतो.

जन्मलो तेव्हा मी खात्यापित्या घरचं क्रियापद होतो. राजा म्हणे, राणी म्हणे. माझ्याआधी कुणीतरी बसलेलं असे आणि बोलण्याची जबाबदारी त्याची असे. मग 'म्हणतो', 'म्हणाली' ही धाकटी भावंडं हाताशी आली आणि लोकांनी मला वाक्याच्या टोकाला नेऊन बसवलं. 'उद्या पाणी येणार नाही म्हणे.' कोण म्हणे? कुणीच नाही. कर्ता गेला, मी उरलो. कधी वाक्याच्या तोंडाशीही उभं करतात. तिथे माझं काम टोमण्याचं.

या दोन्ही नोकऱ्या मी एका शिंप्याच्या घरी केल्या. त्याच्या मुलीने त्याच गल्लीत स्वतःचं दुकान थाटायचं ठरवलं, तेव्हा तो कात्री आपटून ओरडला, "म्हणे दुकान काढणार! काज करताना हात थरथरतो अजून!" मुलीने दुकान काढलं. बापलेकीचं बोलणं बंद झालं.

पुढे त्याचा आवाज उतरला, तसा मीही टोकाला सरकलो. जेवताना ताटाकडे बघत तो बायकोला विचारी, "गर्दी असते म्हणे तिच्याकडे?"

"असेल," एवढंच ती म्हणे.

एका दुपारी ती बाहेरून आली आणि पिशवी ठेवता ठेवता बोलली, "पोरीच्या बोटात मशीनची सुई गेली म्हणे. आरपार."

शिंपी अर्धी बाही मशीनवर टाकून, गळ्यात टेप तशीच लटकत, अनवाणी धावला. मुलगी कापडावर खडूने खुणा करत होती.

"काय झालं, बाबा?"

"हात दाखव."

तिने दाखवले. त्याने एकेक बोट उलटंपालटं करून पाहिलं. सगळी शाबूत. मग हात सोडायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

घरी येऊन त्याने बायकोला जाब विचारला. "खोटं का बोललीस?"

"मी कुठे काय बोलले?" ती चहा गाळत म्हणाली. "मी 'म्हणे' म्हणाले."

आता तो रोज दुपारी मुलीच्या दुकानात जातो. काजं तपासायला म्हणे.

माझ्यामुळे अफवा पसरतात, असा माझ्यावर आरोप आहे. पसरत असतील. पण हल्ली लोक मला वगळूनच ऐकीव गोष्टी पुढे ढकलतात, स्वतः पाहिल्यासारख्या. माझी एवढीच विनंती आहे: डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर मला शेवटी बसू द्या. मला फारशी जागा लागत नाही.