रोहूचं पित्त आणि दोन माळा

या, अशा जवळ सरकून बसा. टाळ मांडीवर राहू द्या. माईकवाला अजून वायरी जोडतोय, कीर्तनकार ताईंचा चहा व्हायचाय, कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. हिच्यात राजा नाही की राक्षस नाही, आपल्याच दिग्रसच्या अलीकडच्या एका तांड्यातली आहे. गोष्ट एका मासोळीची, आणि मासोळी तोंडात न घालणाऱ्या एका माणसाची. ऐकून उठाल तेव्हा पदरात काहीतरी घेऊनच उठाल, एवढा शब्द देतो.

त्या तांड्यात रामधन नावाचे गृहस्थ. बंजाऱ्याचा माणूस, उंच, खांदे अजून सरळ. तरुणपणी विठ्ठलराव महाराजांच्या हातून त्यांनी आणि त्यांची बायको मानीबाई यांनी एकाच दिवशी तुळशीची माळ घातली. मटण, मासोळी, दारू, सगळं त्या दिवशी सुटलं. अंघोळीलासुद्धा माळ गळ्यातून निघाली नाही. पुढं रामधनकाकांनी तांड्यातल्या कितीतरी जणांना माळ घ्यायला लावली. प्रेमसिंगाचंच बघा ना. संध्याकाळी रस्त्यात आडवा पडलेला माणूस, त्याला काकांनी उचलून कीर्तनाला नेलं, एकदा नेलं, पुन्हा नेलं, नेतच राहिले. आज प्रेमसिंगाची पोरं कॉलेजात जातात.

आणि काकांचा पखवाज! त्या हातांचा आवाज ज्यानं ऐकला तो विसरला नाही. देवानं त्यांना बोटं दिली होती. डोळे मात्र परत मागायला सुरुवात केली होती. साखरेचा आजार. पखवाजी माणसाला कीर्तनकाराचा हात दिसावा लागतो. हात वर गेला की थांबायचं, खाली आला की उचलायचं. दारव्ह्याच्या कीर्तनात कीर्तनकार निकिताताईंनी हात वर केला, टाळ थांबले, वीणा थांबली आणि काका एकटेच वाजवत राहिले. मंडपात लोक हसले. ताई हसल्या नाहीत, पण लोक हसले.

घरी आल्यावर त्यांचा मुलगा जीवन म्हणाला, "बा, यावर्षीच्या सप्त्यात विक्कीले बसवू पखवाजावर. तुम्ही आराम करा नं."

"विक्की? तो तं ढोलकी बडवते लग्नात."

"त्याले दिसते, बा."

बोललं ते वाईट हेतूनं नव्हे. पण लागलं.

पुढच्या बाजारी काका दारव्ह्याला गेले. मासोळीवाल्यांच्या ओळीतून ते कधी जात नसत, त्या दिवशी गेले. ओळखीचा मासोळीवाला मारोती तिथं रोहू कापत होता. तो ओरडला, "काका! तुम्ही इकडे? रस्ता चुकले का माळ चुकली?"

"डोळे चुकले बाप्पा," काका म्हणाले. "तू त्या दिवशी चहाच्या टपरीवर तांड्यातल्या गणपतले डोळ्याच्या औषधाचं काय सांगत होता?"

मारोतीनं सुरी पुसली. त्याचा आवाज लगेच मऊ झाला. "हे पाह्यलं? रोहूची पित्ताची थैली. कच्ची गिळाची, दात नाई लावाचा. डोळ्याले चांगली म्हंते, साखरेले चांगली म्हंते. लोक नेते माह्याकडून. मले काई ठावं नाई काका, लोक म्हंते."

"औषधच आहे नं?"

"कडू तं लय आहे," मारोती म्हणाला आणि हिरव्याकाळ्या दोन थैल्या पळसाच्या पानात बांधून दिल्या. त्यात कपट नव्हतं. आपल्याकडं कडू लागलं की माणसाला औषध वाटतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गोठ्यात गेले. पान सोडलं. मग गळ्याशी हात नेला आणि आयुष्यात पहिल्यांदा माळ काढली. गोठ्यातल्या ज्या खुंटीला पखवाजाची खोळ असायची, तिथं ती अडकवली, डोळे मिटले आणि दोन्ही थैल्या पाण्याबरोबर उतरवल्या. आजचं तोंड विटाळलेलं, उद्या अंघोळ करून घालू, असं मनाशी म्हणाले. शर्टाची वरची गुंडी लावून घेतली, म्हणजे कोणाला दिसायला नको.

उद्या काही माळ घालायला जमलं नाही. दुपारीच पोटात मुरडा सुटला. उलट्या, जुलाब. मानीबाई शेतात कापूस वेचत होत्या, त्या धावत आल्या. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? काका म्हणाले, भाकर आणि वांगी. सलाईन लागलं. पोट थांबलं, पण मग लघवी बंद झाली. तोंड सुजलं, धाप लागू लागली. तेव्हा जीवननं गाडी केली आणि यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण समजूतदार. त्यांनी जीवनला आणि मानीबाईला बाजूला घेतलं. "दोन्ही मूत्रपिंडं काम करत नाहीत. लिव्हरलाही सूज आहे. डायलिसिस सुरू करतोय. पण आत काहीतरी गेलंय. काय गेलं ते कळलं तर उपचाराला दिशा मिळेल, नाहीतर आम्ही अंधारात चाचपडतोय. खरं सांगा, फवारणीचं औषध घेतलं का त्यांनी?"

तांड्यात तेच बोलणं चालू होतं. फोनवर प्रेमसिंग रडत होता, "काकानं असं काहून केलं रे?" जीवनला वाटत होतं, विक्कीचं नाव मी काढलं, त्याचंच हे.

मानीबाई मात्र नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांनी नर्सला विचारलं, "बाई, यायच्या गळ्यातली माळ कुठी ठेवली?"

"माळ नव्हती, मावशी. आणलं तेव्हाच गळा मोकळा होता."

मानीबाईंनी सुनेला, वर्षाला, फोन लावला. "पोरी, घर पाह्य. यायची माळ शोध. देव्हारा पाह्य, न्हाणी पाह्य, गोठा पाह्य."

थोड्या वेळानं वर्षाचा फोटो आला. पखवाजाची खोळ, आणि तिच्यावर माळ. नीट अडकवलेली.

"तुटलेली नाई, याडी," वर्षा म्हणाली. तांड्यात आईला याडीच म्हणतात. "हातानं काढून ठेवली आहे."

मानीबाई डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "म्याडम, यायनं विष नाई घेतलं."

"कशावरून, मावशी?"

"ज्याले मराचं असते तो माळकरी माळ घट्ट धरते. काढून नाई ठेवत. यायनं काढली म्हंजे परत घालाची होती. जगाचं होतं यायले." त्यांनी खोळीवरच्या माळेचा फोटो पुढं धरला. "माळेले चालत नाई असं काईतरी खाल्लं यायनं. औषध म्हणून. मी विचारतो, तुम्ही थांबा."

(आपल्याकडल्या बाया 'मी विचारतो' म्हणतात, हसू नका. त्यांचं बोलणं जसं होतं तसं सांगतोय.)

काका शुद्धीवर होते. मानीबाई खाटेजवळ बसल्या. "काय खाल्लं?"

"भाकर."

"भाकरीसाठी माळ नाई काढत कोणी."

काकांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"दारू?"

मान हलली. नाही.

"मंग?"

"मानी, मले विचारू नको." आवाज अगदी खोल गेलेला. "मी सांगतलं, अन् हे तांड्यात गेलं, तं काय होईन? रामधनच खाते चोरून, म्हंतीन. प्रेमसिंग उद्या बाटली धरीन. माह्या शब्दावर लोकायनं माळा घातल्या. मी गेलो तं एक जाईन. माळा नाई गेल्या पाह्यजे."

ऐकताय ना? माणूस मरायला तयार होता, पण लाजेपोटी नव्हे. दुसऱ्यांच्या माळा वाचवायला. आता अशा माणसाला काय बोलाल? रागवाल? समजावाल?

मानीबाईंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला, दोन्ही हात मानेमागं नेले आणि स्वतःची माळ गळ्यातून काढली. 'ही देहाबरोबरच जाईल' असं महाराजांसमोर बोलून घातलेली माळ. इतक्या वर्षांनी मानेवर तिचा फिकट पट्टा उमटला होता, तो उघडा पडला. माळ त्यांनी काकांच्या मुठीत ठेवली.

काका दचकून उठायला बघू लागले. "अवो, हे काय करून राह्यली! वेडी झाली काय? घाल! आधी घाल ते!"

"नाई."

"मानी, पाप आहे हे!"

"असन. बरोबरीनं घातली होती, बरोबरीनं निंघाली. आता तुम्ही बिनमाळेचे, मी बिनमाळेची. बिनमाळेच्या माणसानं बिनमाळेच्या बाईले सांगाले लाजाचं काई काम नाई. तुम्ही बोलत नाई तोवर हे माह्या गळ्यात चढत नाई. तुम्ही गेले तं तशीच राहीन मी, उघड्या गळ्याची. सांगा आता."

मुठीतल्या मण्यांवर काकांची बोटं फिरत राहिली, पखवाजावर फिरावीत तशी. डोळ्यांतून धार लागली.

"रोहूचं पित्त," ते म्हणाले. "कच्चं. दोन थैल्या. डोळ्यासाठी."

"कायले?"

"निकिताताईचा हात नाई दिसत मले."

मानीबाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग उठल्या आणि दारातून हाक दिली, "म्याडम! रोहूचं पित्त! कच्चं, दोन!"

डॉक्टरीणबाई तिथंच थबकल्या. "अहो, हे आधी कळायला हवं होतं. मासा चांगला, पण त्याच्या पित्तात विष असतं. मूत्रपिंड बंद पाडतं. शिजवून खाल्लं तरी ते उतरत नाही. पण काय आहे ते कळलं, आता वाट दिसते. पुष्कळांची मूत्रपिंडं परत येतात. धीर धरा."

"धीर लय आहे," मानीबाई म्हणाल्या. "तुम्ही मशीन लावा."

मशीन लागलं. एकदा लावून भागलं नाही, पुन्हा पुन्हा लावावं लागलं. मानीबाई वऱ्हांड्यात बसून हरिपाठ म्हणत, गळा तसाच उघडा. नर्स म्हणाली, "मावशी, काका बोलले ना, घाला आता माळ." त्या म्हणाल्या, "यायच्या गळ्यात पडन तवा." मग एका सकाळी बाटलीत थोडी लघवी दिसली. कोणाच्या लघवीसाठी कुटुंबानं पेढे वाटलेले तुम्ही ऐकलेत का? जीवननं वाटले.

सप्ता पुढं ढकलला होता. काका बारीक होऊन, काठी टेकत, घरी आले, तेव्हाच तो उभा राहिला. पखवाजावर विक्की बसला होता. निकिताताईंच्या कीर्तनात पूर्वरंग झाला आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, "काकांना काही बोलायचं आहे."

मानीबाईंनी काठी काढून घेतली आणि स्वतःचा खांदा दिला. काका माईकसमोर उभे राहिले.

"मी मासोळी खाल्ली," ते म्हणाले. "मासोळी म्हंजे तिचं पित्त. डोळे साफ होतीन म्हणून. किडन्या बंद पडल्या. मूठभर तोंडाची मासोळी, तिच्या पोटातली बोराएवढी थैली, अन् माणूस जाते. कच्चं घेऊ नका, शिजवून घेऊ नका, पोराले देऊ नका. कोणी घेतलं असन तं पोटात ठेवू नका, डॉक्टरले सांगा. अन् मारोतीले कोणी बोलाचं नाई. मी मागतलं, त्यानं देल्लं."

मारोती मागं खांबाला टेकून उभा होता. त्यानं भर मंडपात कान पकडले. "काका, आतापासून पित्त उकिरड्यात. कोणी मागतलं तं तुमच्या घरचा पत्ता देतो."

लोक हसले. आणि त्या हसण्यातच प्रेमसिंग उठून पुढं आला. काकांना ज्याची भीती होती तोच हा प्रेमसिंग. त्यानं आपली माळ चिमटीत धरून दाखवली. "काका, तुमची माळ निंघाली म्हणून माही निंघत नाई. माही काय तुमच्या खुंटीवर टांगलेली आहे?"

काकांनी हात पुढं करून त्याला जवळ ओढलं.

दोघांच्या माळा तबकात ठेवल्या होत्या; ताईंनी एक उचलून काकांच्या गळ्यात घातली. दुसरी उचलली आणि मानीबाईंना विचारलं, "काकू, तुम्ही तर काही खाल्लं नाही. तुम्ही का काढली, हे सांगणार का देवाला?"

"त्याले ठावं आहे," मानीबाई म्हणाल्या. "अन् ताई, खोटं नाई बोलत. पुन्हा तशी वेळ आली तं पुन्हा काढीन."

ताईंनी हसून माळ त्यांच्या गळ्यात घातली. त्या फिकट पट्ट्यावर ती बरोबर बसली.

मग विक्की उठला आणि पखवाज काकांसमोर सरकवला. काकांचे डोळे काही सुधारले नव्हते. गोळ्या चालू झाल्या होत्या, चष्मा यायचा होता. पण मानीबाई टाळ घेऊन त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. ताईंचा हात वर गेला की त्या गुडघा दाबत. पखवाज बरोबर थांबायचा. खाली आला की सोडत. पखवाज उठायचा. त्या रात्री एकही ठोका चुकला नाही. मी टाळकऱ्यांत होतो, म्हणून सांगतो.

आता बघा, माईक चालू झाला. टाळ घ्या हाती. एवढंच मागणं आहे: उद्या बाजारात कोणी पानात पित्त बांधून मागताना दिसला, किंवा तुमच्या घरात कोणी दुखणं पोटात दडवून भिंतीकडं तोंड करून पडला, तर मानीबाईंची आठवण करा. त्यांचा तो उघडा गळा आठवा.